'गणपतीनंतर बघू' म्हटल्याने मुदत वाढत नाही

देवगड तालुक्यातील एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याला, कोल्हापुरातल्या दुकानातून ४६,५०० रुपयांना असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि ऑनलाइन फॉर्म यांवर घर चालतं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच दुकानातून वेगळ्या बिलावर ग्राफिक्स कार्ड घेतलं, ते दुकानाच्याच माणसाने बसवलं. ९ जून २०२४ च्या संध्याकाळी गेलेली लाइट आल्यावर कॉम्प्युटर चालू केला. दहा मिनिटांत एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, फट्ट आवाज होऊन धूर आला. मदरबोर्ड, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड सगळं गेलं. दुकानदार म्हणतो, जळलेला एसएमपीएस आणून द्या, वॉरंटीत नवा देतो, बाकीचं कंपनीला विचारा. कंपनीचा पत्ता खोक्यावर नाही. आधी गणपतीनंतर बघू, मग शिमग्यानंतर, मग दिवाळीनंतर. आता एप्रिल २०२६ उजाडला. वकिलाची नोटीस पाठवावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

नोटीस पाठवत बसू नका, तक्रार दाखल करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे यावं लागतं. तुमचं कारण ९ जून २०२४ ला घडलं. दुकानदाराने शेवटचं उत्तर कधी दिलं याला इथे महत्त्व नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत लांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत सांगितलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'दिवाळीनंतर नक्की' हाही पत्रव्यवहारच. तुम्ही बावीस महिने त्या शब्दावर बसून राहिलात याचा मला खरोखर राग येतो, कारण असली पत्रं मला दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतून येतात आणि त्यातली निम्मी मुदत संपल्यावरची असतात. गेल्या वर्षी एक गृहस्थ चाळीस दिवस उशिरा आले. कागद स्वच्छ, नुकसान खरं. विलंब माफीचा अर्ज केला. कलम ६९ तशी सोय देतं, पण पुरेसं कारण लागतं आणि 'समोरचा गोड बोलत होता' हे कारण आयोगाला पटलं नाही. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत. ग्राहक कायद्यात तक्रारीआधी नोटीस देणं सक्तीचं नाही. तिच्या उत्तराची वाट पाहण्यात जून उजाडेल, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे जाऊ नका.

तक्रारीसाठी कोल्हापूरला जायची गरज नाही. कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, ओरोसच्या जिल्हा आयोगात. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

आता 'कंपनीला विचारा' या उत्तराकडे येऊ. असं म्हटलं की विषय संपला, असं दुकानदारांना वाटतं. कलम ८६ नीट वाचलं की विषय तिथूनच सुरू होतो. जो विक्रेता उत्पादक नाही, तोही जबाबदार ठरतो, जर उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल. आणि त्याच कलमात पुढे आहे: वस्तू जोडताना, तपासताना किंवा तिची देखभाल करताना त्याने वाजवी काळजी घेतली नसेल, तरीही. तुमच्या दुकानदाराने कॉम्प्युटर स्वतः जोडला, कार्डही त्याच्या माणसाने बसवलं. तुम्ही पाठवलेला लेबलचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर ठळक '६०० वॅट' आहे. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अ‍ॅम्पिअर लिहिलंय. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे दोघांना मिळून हे १९२ वॅटच. तुमच्या कार्डाच्या खोक्यावर किमान ४५० वॅटचा एसएमपीएस लावा असं छापलेलं आहे. ते खोकं त्या माणसाने स्वतः फोडलं. लेबलवरचा हा रकाना न वाचता कार्ड बसवणं म्हणजेच काळजी न घेणं, असं मी तक्रारीत लिहीन, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावीन. शिवाय चांगल्या एसएमपीएसवर जास्त भार आला किंवा आतलं व्होल्टेज चढलं, तर तो स्वतः बंद पडतो. त्यासाठीची संरक्षणं आत असावी लागतात. जळताना पुढचे सगळे भाग सोबत नेणारा एसएमपीएस ती संरक्षणं नसलेला किंवा न चाललेला असतो. तज्ज्ञाचं मत नेमकं याच मुद्द्यावर घ्यायचं.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मला दिसला नाही. ४८ व्होल्टपर्यंतचे स्वतंत्र एसएमपीएस सक्तीच्या नोंदणीत येतात, मानक आयएस १३२५२ (भाग १). दुकानदाराचा वकील म्हणेल, हा कॉम्प्युटरचा सुटा भाग, याला ती सक्ती नाही. त्यावर आयोग काय ठरवील हे मी आज सांगणार नाही, पण मुद्दा घ्यायचा. आणि दुसऱ्या वाचकांनो, नंबर असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. '८० प्लस'च्या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. तो वीज किती वाया जाते याचा शिक्का आहे, सुरक्षेचा नाही.

नुकसानभरपाईचा भाग जरा नाजूक आहे. कलम ८६ ची ही जबाबदारी म्हणजे उत्पादन दायित्व, सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची. त्याखाली ज्या वस्तूत दोष, तिचं स्वतःचं नुकसान धरलं जात नाही, आणि धंद्याचं आर्थिक नुकसानही नाही. मग 'वस्तू' कोणती, एसएमपीएस की अख्खा कॉम्प्युटर? दुकानदार दुसरं म्हणेल, म्हणजे मदरबोर्ड आणि हार्डडिस्क त्यातून सुटतात. म्हणून एकाच तक्रारीत दोन्ही मागण्या करायच्या: सदोष वस्तू म्हणून कलम ३९ खाली बदलून किंवा पैसे परत, आणि वेगळ्या बिलावरच्या ग्राफिक्स कार्डासाठी उत्पादन दायित्व. लग्नसराई बुडाल्याची भरपाई मागा, पण तिच्यावर फार आशा ठेवू नका. 'धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही' असाही आक्षेप येईल. स्वतःच्या कष्टाने, उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू कायदा धंद्यासाठी घेतलेली मानत नाही. कामाला माणूस ठेवला असेल तर मला आधीच सांगा.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी, एका ओळीत, उरकून टाकलेली गोष्ट. कॉम्प्युटर टू-पिन एक्स्टेन्शनवर होता. कलम ८७ म्हणतं, नुकसानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर ही कारवाई चालत नाही. दुकानदाराच्या हातात तुम्ही स्वतःहून दिलेलं हे एकच हत्यार आहे. जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात अर्थिंग नीट लागत नाही हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असतं, तरी अर्थिंगची पिन वापरायचीच नाही म्हणजे काय? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत होत्या असं तुम्हीच लिहिता, आणि महिनोन्‌महिने तसेच काम करत राहिलात. त्या बोर्डावर कुणाचा जीव गेला असता. हे लपवायचं नाही. तक्रारीत सरळ लिहायचं आणि तज्ज्ञाकडून हे मागायचं की अर्थिंग नसल्याने शॉक बसू शकतो, पण १२ व्होल्टच्या बाजूने मदरबोर्ड जळायला सहसा ते कारण होत नाही. तज्ज्ञ तसं म्हणेल असं मला वाटतं. खात्री मात्र एसएमपीएस तपासल्यावरच.

आणि म्हणून तो एसएमपीएस दुकानदाराला द्यायचा नाही. वॉरंटीत नवा मिळेल, पण पुरावा कोल्हापूरला जाईल. कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवाल ४५ दिवसांत अपेक्षित असतो, खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. उघडूनही बघू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, आणि एकदा स्क्रू निघाले की 'तुम्हीच छेडछाड केली' हे म्हणायला मोकळीक मिळते. खाऱ्या हवेने स्क्रूंना गंज चढेल. आजच चारही बाजूंचे फोटो काढा, वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. बदली एसएमपीएस दिला तरी 'आता कोणतीही तक्रार नाही' अशा कागदावर सही नको.

व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप डिलीट करू नका. मुदत वाढवायला ते निरुपयोगी असले तरी 'जळलेला आणून द्या' या वाक्यात एसएमपीएस जळल्याची कबुली आहे. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडू.

कायदा म्हणतो, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. इतक्या वर्षांत माझ्या हातचं एकही प्रकरण त्या वेळेत संपलेलं नाही. समोरच्याला म्हणणं मांडायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा, हा नियम पाळला जावा म्हणून मी पहिल्याच तारखेला आग्रह धरतो, तरी तारखा पडतातच. तोवर धंदा थांबवू नका. दुसरा कॉम्प्युटर घ्या, आणि बिलावर 'असेंबल सेट १ नग' एवढं लिहून आणू नका. गेल्या बिलावर तेवढंच आहे, आणि त्यामुळे जळलेला एसएमपीएस त्याच दुकानाचा हे सिद्ध करायला आपल्याला तो व्हॉट्सअ‍ॅपच पुरवावा लागणार आहे. प्रत्येक भागाचं नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या.

दोन्ही बिलं, लेबलचा फोटो, कार्डाचं खोकं आणि निरोपांच्या प्रती येत्या सोमवारपर्यंत पाठवा. तक्रारीत ९ जून २०२४ ही तारीख पहिल्याच परिच्छेदात येईल.