लहान म्हणजे किती?

प्रिय मुली,

परवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर मासळीचा लिलाव आटोपल्यावर तू विचारलेस की, मासळी घटली ती समुद्र तापल्यामुळे की जाळ्यांमुळे, आणि प्रबंधात यांपैकी कोणते कारण लिहावे. मी "आधी मोज" एवढेच म्हणालो आणि चालू लागलो. ते तोडून बोलणे मला रात्रभर टोचले. पण शब्द मी मागे घेणार नाही.

तुझा गोंधळ खरा आहे, कारण दोन्ही कारणे एकाच पाटीत येऊन पडतात. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशाला नेमका तेव्हाच तो अधिक लागतो. मुख्यतः मलबारची समजली जाणारी तारली उत्तरेकडे सरकत आपल्या बंदरांत येऊ लागली आणि वरच्या पाण्यात फिरणारा बांगडा तळ ओढणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात अधिक सापडू लागला, त्यामागे हा उष्मा आहे. पण त्याच पाटीत वीतभरही न भरणारा, एकदाही अंडी न घातलेला बांगडा असतो, आणि त्याला उष्म्याने नव्हे, बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्याने उचललेले असते. केरळात २०१२ साली तारलीची विक्रमी आवक झाली आणि पुढच्या काही वर्षांतच ती कोसळली. त्याच्या कारणांवर नेमकेपणाने वाद घालता आला, तो केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या माणसांनी बंदराबंदरांवर उभे राहून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या म्हणून. मोजलेले होते, म्हणून बोलता आले.

मी मोजले नव्हते. नोकरीची पहिली कितीतरी वर्षे मी फक्त वजन लिहीत राहिलो, आणि खताच्या कारखान्याला जाणाऱ्या ढिगापुढे 'किरकोळ' हा एक शब्द. त्या ढिगात रुपयाएवढी पापलेटची पिल्ले होती. मी ती डोळ्यांनी पाहिली, वहीत उतरवली नाहीत. पुढे एका बैठकीत मी पिल्लांचा विषय काढला तेव्हा आकडा मागण्यात आला, आणि माझ्यापाशी तो नव्हता. अहवालात 'हवामानबदलामुळे घट' असे वाक्य गेले, खाली माझी सही. ते वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. पण त्याच्या आडोशाने जाळ्याच्या आसाची चर्चा टळली. त्यानंतर लांबीची नोंद नसलेल्या एकाही अहवालावर मी सही केली नाही. त्यापायी बढती गेली, घरच्यांना झळ बसली, सहकारी हेकट म्हणू लागले. मी बरोबरच होतो, असे मी आजही म्हणेन.

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि ५४ प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार ठरला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हा आकडा कागदावर आहे, जेटीवर तो पाहायला पट्टी घेतलेले माणूस लागते. उपग्रहाचे नकाशे जरूर वापर, परंतु ते पृष्ठभागाचे तापमान सांगतात. कोणत्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, किती वाव खोल पाण्यात, किती तास जाळे टाकले, हे त्यालाच विचारावे लागते. एकदा उधाणाच्या मोठ्या भरतीला, एकदा भांगाच्या लहान भरतीला जा. पाटीतले पन्नास मासे न निवडता घे, तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोज, काहींचे पोट चिरून अंड्यांची गाबोळी किती भरली आहे ते पाहा. कंटाळा येईल, अंगाला वास येईल, त्याची तक्रार माझ्याकडे करू नकोस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. हिशेब तेव्हा मांड.

तुझी वही माझ्याकडे राहिली होती, ती सोबत पाठवतो आहे. अकराव्या पानावर सतरा बांगड्यांपुढे तू 'लहान, तापमानामुळे' असे लिहिले आहेस. ते बांगडे बाजारात गेले, त्यांची लांबी आता मिळणार नाही. पान फाडू नकोस, खोडूही नकोस. पुढच्या पानावर लांबीचा रकाना आख.