तावदान उघडत नाही, उघडते ती झडप

वेंगुर्ल्याहून प्रश्न आला आहे. चिऱ्याचं नवं घर उभं राहतंय आणि सुतारांनी खिडक्यांचा हिशेब लिहून दिला तो असा: चौकटी 6, झडपा 12, तावदानं 36, बिजागऱ्या 24. "झडप आणि तावदान एकच ना? मग एकाच कामाचे पैसे दोनदा का लावले? आणि सासूबाई गोव्यातल्या पेडण्याच्या, त्या खिडकीला जनेल म्हणतात. हा शब्द मराठी आहे का?"

सुतारांवर संशय घेऊ नका. त्यांनी चारही शब्द जिथल्या तिथे वापरलेत आणि हल्ली हे फार थोड्यांना जमतं. चौकट भिंतीत बसते, ती हलत नाही. चौकटीला बिजागऱ्यांवर टांगलेली, उघडते-मिटते ती झडप. झडपेच्या लाकडी सांगाड्यात बसवलेली काच म्हणजे तावदान. सहा खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेत तीन काचा आणि दोन बिजागऱ्या. हिशेब चोख आहे. बिजागऱ्या तेवढ्या पितळी घ्या, खाऱ्या वाऱ्यापुढे साधं लोखंड टिकत नाही.

आता जे मला सारखं खुपतं ते सांगतो. "तिने तावदान उघडून बाहेर पाहिलं" हे वाक्य मी इतक्या कथांमधून वाचलंय की मोजणं सोडून दिलं. तावदान उघडत नाही! तावदान तडकतं, फुटतं, धुरकटतं, श्रावणात त्याच्यावरून पाण्याचे ओघळ उतरतात. उघडते ती झडप. हृदयाच्या झडपा म्हणतो तेही याच अर्थाने, रक्त एका दिशेला सोडून मिटणाऱ्या. हृदयाची तावदानं असं कोणी म्हणेल का?

शब्द मूळ फारसी, ताबदान. यातला 'ताब' म्हणजे तेज, उजेड. आफताब (सूर्य) आणि महताब (चांदणं) यांत आहे तोच. 'दान' म्हणजे ठेवायची जागा, जशी पिकदाणी, अत्तरदाणी, फुलदाणी. देण्याघेण्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या 'राजधानी'तल्या धानीचा तो इराणी भाऊ. म्हणजे तावदान हे उजेडाचं भांडं. त्यातली खरी गंमत पुढे आहे. हा फारसी 'ताब' आणि संस्कृत 'ताप' एकाच धातूचे. संस्कृत तापाचा मराठीत 'ताव' झाला: लोखंडाला ताव देतात, माणूस तावूनसुलाखून निघतो. फारसी ताबाचाही आपण 'ताव'च केला. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भावांनी मराठीत येऊन एकच रूप घेतलं.

एका अभ्यासकांनी मला यावर सुनावलं होतं की फारसीत ताबदान म्हणजे अख्खा झरोकाच, तेव्हा 'तावदान उघडलं' बरोबर आहे. मुळीच नाही. उजेडासाठी भिंतीत ठेवलेल्या भोकाला झडप कुठून येणार? ते सदा उघडंच असतं. आणि मराठी शब्दाचा आजचा अर्थ इराणात ठरत नाही. काचवाल्याच्या दुकानात जाऊन "तीन तावदानं कापून द्या" म्हणा, तो काय कापून देतो ते बघा.

चौथा शब्द बिजागरी. याची एक व्युत्पत्ती फिरते आहे: 'बीज' अधिक 'आगर', म्हणजे दाराच्या हालचालीचं बीज जिथे साठलेलं असतं ते आगर. कोकणात नारळी-पोफळीचं आगर दारात असल्यामुळे लोकांना ती पटतेही. ती साफ खोटी आहे. शब्द पोर्तुगीज आहे, 'बिसाग्रा'. गुजरातीत त्याचंच मिजागरुं झालं, म्हणजे तिथे बीजही उरलं नाही. पोर्तुगीज वसईला 1534 पासून 1739 पर्यंत होते, रेवदंड्याला 1740 पर्यंत. दोनशे वर्षं शेजार असला की शब्द घरात येणारच.

पण हाच शब्द का आला? आपल्याकडे दारं नव्हती का? माझं मत असं, आणि ते मी जुनी देवळं पाहून बनवलंय: दारं होती, बिजागरी नव्हती. कोकणातल्या एखाद्या जुन्या देवळाचं किंवा वाड्याचं कवाड नीट बघा. त्याच्या एका कडेला वर आणि खाली गोल कोरलेलं टोक असतं. खालचं टोक उंबरठ्यातल्या खोबणीत, वरचं माथ्याच्या लाकडातल्या भोकात. कवाड स्वतःच्याच टोकांवर फिरतं. ती जी करकर ऐकू येते, ती लाकडावर लाकूड फिरण्याची. सगळं वजन उंबरठा पेलतो, म्हणून तो तसा जाडजूड. अशा दाराला लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधली खीळ या वस्तूची गरजच नव्हती. वस्तू नवी आली, तिचं नाव तिच्यासोबत आलं. खिडकीच्या हलक्या झडपेला मात्र असा भक्कम उंबरठा कुठला? माझा अंदाज, बिजागरी आधी खिडक्यांना लागली आणि मग दारांना.

चावीचंही तेच. पोर्तुगीज शब्द, पण आज लिस्बनमध्ये त्याचा उच्चार 'शाव्ह'च्या जवळ जातो. सोळाव्या शतकात तिथे 'च' होता. तो जुना च त्यांच्या तोंडून गेला आणि आपल्या चावीत राहिला. कुलूप अरबी, मूळ कुफ्ल, अक्षरांची अदलाबदल होऊन आलेलं. कडी आपली, किल्ली आपली (कील म्हणजे खीळ, तिची मुलगी). अडसर लावून घर बंद करणाऱ्यांना यातलं काहीच लागत नसे.

आणि हे सगळं घेतलेल्या मराठीने जनेल मात्र घेतलं नाही. इथे मला हा प्रश्न खरा आवडला.

जनेल म्हणजे पोर्तुगीज 'जनेला'. गोव्याच्या कोंकणीत तो रोजचा शब्द, तेव्हा सासूबाई अगदी बरोबर बोलतात. बार्देशातल्या आसगावात 1855 साली जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा केले, त्यांत या शब्दाचा प्रवास बघावा. बंगालीत जानाला, तमिळमध्ये जन्नल, सिंहलीत जनेलय, मलायीत जेंडेला. पोर्तुगीज गलबत लागलं अशा कितीतरी ठिकाणी खिडकीचं नाव बदललं.

या जनेलाच्या पोटात काय आहे? लॅटिन 'यानुआ' म्हणजे दार. त्याचं लहानुलं रूप, दारुटलं म्हणा हवं तर, म्हणजे जनेला. खिडकी म्हणजे छोटं दार! यानुआच्या कुळातला रोमन देव यानुस, दोन तोंडांचा, येणारं-जाणारं दोन्ही बघणारा. वर्षाच्या दारात उभा असलेला जानेवारी त्याच्याच नावाचा. म्हणजे पेडण्याची जनेल आणि भिंतीवरच्या कॅलेंडराचं पहिलं पान एका घरचे.

आता आपली खिडकी घ्या. संस्कृत कोशांत 'खडक्किका' आहे, प्राकृतात 'खडक्की'. अर्थ? बाजूचं किंवा मागचं खाजगी दार. म्हणजे खिडकीसुद्धा मुळात छोटं दारच! लॅटिनला जे सुचलं तेच इथे कोणाला तरी, एकमेकांना न विचारता सुचलं. हे मला कळलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला धरून सांगितलं होतं.

सगळ्यांनीच असा विचार केला नाही. संस्कृत पंडितांना वारा दिसला, ते वातायन म्हणाले. बैलाच्या डोळ्याचा आकार दिसला, गवाक्ष म्हणाले. कार्ल्याच्या लेण्याची ती मोठी कमान म्हणजे चैत्यगवाक्ष. इंग्रजांचा विंडो जुन्या नॉर्स 'विंडाउगा'तून आला, वाऱ्याचा डोळा. त्यात वातायनातला वारा आहे आणि गवाक्षातला डोळाही. 'खिडकी ओबडधोबड, गवाक्ष म्हणा' असा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांना मी एवढंच विचारतो: प्राकृतापासून लोकांच्या तोंडात असलेला शब्द ओबडधोबड कसा? आणि तुमच्या स्वयंपाकघरातली चौकोनी खिडकी बैलाच्या डोळ्यासारखी दिसते का?

मूळ अर्थाचा एक पुरावा पुण्यात उभा आहे असं मी मानतो. शनिवारवाड्याला पाच दरवाजे, त्यांतला एक 'खिडकी दरवाजा'. तिथे एक खिडकी होती म्हणून हे नाव, असं सांगतात. मला हे पटत नाही. मोठ्या दरवाजात माणूस वाकून जाईल एवढं लहान दार ठेवायची रीत सर्वत्र होती, आज आपण त्याला दिंडी म्हणतो. खिडकी हा शब्द तेव्हा या अर्थानेही कानावर असणार आणि दरवाजाला नाव पडलं ते त्या छोट्या दारावरून. दरवाजाला भिंतीतल्या खिडकीचं नाव कोण देईल? यावर इतिहासवाले माझ्याशी भांडतात, भांडोत. त्यांनी खडक्किकेचा अर्थ आधी वाचावा.

मराठीने जनेल का घेतलं नाही याचंही उत्तर मला इथेच दिसतं. बिजागरीसाठी आपल्याकडे जागा रिकामी होती. छोट्या दाराची जागा खिडकीने आधीच भरली होती, तीसुद्धा त्याच कल्पनेने. तिथे दुसरा शब्द बसणार कुठे? कोंकणीत तो बसला, कारण गोव्यात पोर्तुगीज धाटणीच्या उंच खिडक्याच नव्या होत्या, काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लावलेल्या. त्यांतून येणारा दुधाळ उजेड ज्यांनी पाहिलाय त्यांना ताबदान शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

तेव्हा जनेल कोंकणी आहे, आणि तुमच्या घरात बोलला जातो म्हणून तुमचाही आहे. सुतारांना त्यांचे पैसे द्या. आणि सासूबाईंना माझ्यासाठी एक विचाराल का: पेडण्याला त्यांच्या लहानपणी जनेल म्हणजे फक्त भिंतीतली खिडकी, की मागच्या बाजूच्या लहान दारालाही कोणी जनेल म्हणायचं?