स्वर न लिहिता वाचतात कसं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ताई, मोमिनपुऱ्यात उर्दू पाट्या दिसतात, त्यात म्हणे स्वर लिहितच नाहीत. मग वाचतात कसं? (सीताबर्डी)

अगदी लिहितच नाहीत असं नाही हं. आ, ई, ऊ हे लांब स्वर अलिफ, ये, वाव या अक्षरांनी दाखवतात, सुटतात ते छोटे अ, इ, उ. त्यांच्यासाठी जबर, जेर, पेश अशी चिन्हं आहेत पण रोजच्या लिखाणात सहसा कोणी लावत नाही. म्हणून उर्दूत 'इस' आणि 'उस' दोन्ही सारखेच दिसतात, अलिफ आणि सीन, बस. वाचणारा पुढचं-मागचं वाक्य बघून ठरवतो.

मंग ही लिपी अर्धवटच झाली न? पूर्ण लिहायला काय होते? (कामठी)

अर्धवट अजिबात नाही, आणि हे मला जरा ठासून सांगायचंय. अरबीत शब्दाचा गाभा व्यंजनांचा असतो, बहुतेक वेळा तीन. ह-क-म घ्या, त्यातून हुकूम, हाकीम, हिकमत, हे तिन्ही आपण मराठीतही बोलतो. आतले स्वर बदलतात, जास्तीचं एखादं अक्षर लागतं, पण ह-क-म जागचे हलत नाहीत, त्यामुळे भाषा येणाऱ्याला सांगाडा दिसला तरी पुरतो. हिब्रूचंही तेच, २२ अक्षरं, सगळी व्यंजनं, आणि इस्राएलमधली रोजची वर्तमानपत्रं स्वरचिन्हांशिवाय छापतात. जिथे भाषेची घडण अशी नाही तिथे लोकांनी लिपीच बदलून घेतली, सोरानी कुर्दी आणि उइघुर या भाषा अरबी अक्षरांतच लिहितात पण स्वरांना अक्षरं देतात. उर्दूची घडणही अरबीसारखी नाही, म्हणून तो इस-उसचा घोळ, आणि म्हणून मला वाटतं उर्दू शिकणाऱ्या पोरांच्या पुस्तकातून जेर-जबर लवकर काढू नयेत.

आपल्या 'क' वरही काही चिन्ह नसतं, मग देवनागरी पण तशीच का?

नाही. आपल्याकडे चिन्ह नाही म्हणजे 'अ', हे ठरलेलं. तिकडे चिन्ह नाही म्हणजे तुम्ही ठरवा. पीटर डॅनियल्स या अभ्यासकाने १९९० मध्ये दोन्हींना वेगळी नावं दिली, त्यांची 'अबजद' आणि आपली 'अबुगिडा'. पण गंमत बघा, 'नागपूर' मधल्या शेवटच्या र मध्ये अ आहे आणि आपण तो बोलतच नाही, म्हणजे थोडं काम आपल्याही वाचणाऱ्याला करावं लागतंच.

या लिपींचा भारताशी जुना संबंध आहे का?

आहे. शाहबाजगढी आणि मानसेहरा (आता पाकिस्तानात) इथले अशोकाचे लेख खरोष्ठी या जुन्या लिपीत आहेत, उजवीकडून डावीकडे लिहिलेले. ती अरामी या व्यंजनलिपीवरून घडली असं बहुतेक अभ्यासक मानतात, फक्त घडवताना अक्षराला स्वरांच्या खुणा जोडल्या.