घाणेरी तोडली तरी पुन्हा फुटते

प्रश्न : भोर तालुक्यात आमचं दोन एकर खाजगी रान आहे. दरवर्षी घाणेरी तोडून जाळतो, तरी ती आणखी दाट फुटते. साफ करून झाडं लावावीत का?
– एक वाचक

उत्तर : कोयत्याने वरून तोडलीत की बुडख्यावरून एकाऐवजी दहा फुटवे येतात. जाळल्यावरही तेच, शिवाय देशी रोपं मरतात ती वेगळीच. वार जमिनीखाली हवा. खोड जिथं मुळाला मिळतं, त्याच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली कुदळीने मुख्य मूळ तोडा आणि झुडूप मुळं वर करून दगडावर उलटं ठेवा. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या पुन्हा मुळं धरतात. बहुतेकांची चूक इथंच होते. जून-जुलैत माती मऊ असते. फळं काळी पडायच्या आत उरका, नाहीतर बुलबुल बी नेतात. ते बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं रोपं हाताने उपटावी लागतील.

सगळं रान एकदम मोकळं करू नका. उतारावर आडवे पट्टे घ्या, मधले पुढच्या वर्षी. माती धुपत नाही, ससे-तित्तिरांना आडोसा राहतो. मोकळ्या पट्ट्यात लगेच मारवेल, पवन्या या गवतांचं बी फेका.

झाडांची घाई कशाला? आधी ऐन-किंजळाचे जुने बुंधे शोधा. प्रत्येकावर दोन जोमदार फुटवे राखा. मुळं जुनी असल्याने ते नर्सरीच्या रोपापेक्षा लवकर वाढतात. गुरं मात्र लांब ठेवा.