आकडा आधी कोणाला दिसणार?

चि.,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून कारखान्यांना 'स्मार्ट फॅक्टरी'चा सल्ला देण्याच्या धंद्यात उतरायचं तू ठरवते आहेस, हे वाचलं. कोणता कोर्स करू आणि कोणतं क्लाउड शिकू, असं विचारलं आहेस. क्लाउड शीकच, पण त्याआधी मॉडबस, म्हणजे कारखान्यातली उपकरणं एकमेकांना आकडे पाठवतात ती भाषा, नीट शीक. प्रोटोकॉल १९७९ सालचा आहे, तरी भोसरीत भेटणारे एनर्जी मीटर, ड्राइव्ह आणि टेंपरेचर कंट्रोलर आजही त्यावरच डेटा देतात. 'इंडस्ट्री ४.०', म्हणजे यंत्रं नेटवर्कला जोडून त्यांच्या डेटावर कारखाना चालवणं, हे नाव २०११ साली हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आलं. आपल्याकडच्या शेडमध्ये मात्र त्याच्या कितीतरी आधीची मशीन उभी असते आणि तिला नेटवर्कचं पोर्टच नसतं. अशा वेळी स्पिंडल मोटरच्या वायरवर क्लॅम्पचा सीटी (विजेचा प्रवाह मोजणारी कडी) बसवायचा, नाहीतर मशीनवरच्या टॉवर लाइटच्या, म्हणजे चालू-बंद दाखवणाऱ्या दिव्यांच्या खांबाच्या, हिरव्या दिव्यावर प्रकाश ओळखणारा सेन्सर चिकटवायचा. मशीन चालू की बंद, एवढं त्यातून कळतं. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरच्या, प्रोग्रामला हात लागत नाही, म्हणून मेंटेनन्सवालाही तुझ्याकडे वैऱ्यासारखा बघत नाही.

हे सगळं सहा महिन्यांत येईल. खरी मेख पुढे आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचं, सांगतो. मालकांना ऑफिसात मोठा स्क्रीन हवा होता. विजेचं बिल डोक्याबाहेर गेलं होतं आणि दोष फर्नेसचा (भट्टीचा), अशी त्यांची खात्री होती. इंडक्शन फर्नेसला टनभर लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. यांचे बरेच जास्त जात होते. मी दोन शिफ्ट नुसता उभा राहिलो. मेटल तापून तयार व्हायचं आणि थांबायचं. कधी मोल्ड (साचे) तयार नाहीत, कधी स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला नाही, कधी क्रेन दुसरीकडे अडकलेली. तोवर फर्नेस नुसतं तापमान टिकवायला वीज खात राहायची. फार वेळ थांबलं की कार्बन उतरायचा, मग पुन्हा सँपल, पुन्हा वाट. म्हणजे बिल फर्नेसचं आणि उशीर मोल्डिंगचा.

तिथे आम्ही एक मीटर बसवला आणि प्रत्येक हीटच्या (भट्टीच्या एका खेपेच्या) तीन वेळा टिपायला लागलो: मेटल तयार कधी, रिपोर्ट हातात कधी, ओतायला सुरुवात कधी. बस्स. आता नीट ऐक. हा तक्ता सकाळी आधी मालकांसमोर गेला असता, तर पहिली बोलणी फर्नेसवाल्याला बसली असती आणि आठवड्याच्या आत वेळा 'सुधारल्या' असत्या, फक्त कागदावर. म्हणून पहिले काही आठवडे तो फर्नेस आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरांनाच दिसेल, अशी अट मी कामाच्या पत्रात घातली. मालक कुरकुरले. पण दोघं सुपरवायझर शिफ्टच्या सुरुवातीला एकमेकांशी बोलायला लागले, आधी मोल्डची संख्या आणि मग चार्जिंग (भट्टीत माल भरणं) असा क्रम लागला, आणि थांबण्याचा वेळ उतरला. आकडा पाहून ज्याला उद्या काही वेगळं करता येईल, त्यालाच तो आधी दिसला पाहिजे. सॉफ्टवेअर कोणाचं घ्यायचं, यापेक्षा ही गोष्ट ठरवायला मला नेहमी जास्त वेळ लागतो.

ओईईचंही, म्हणजे मशीन किती कार्यक्षम चालते त्याच्या टक्केवारीचंही, तेच. उपलब्धता गुणिले वेग गुणिले दर्जा, जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम या देखभाल-पद्धतीसोबत रूढ केलेलं माप. ९०, ९५ आणि ९९ टक्के असे तीन उत्तम आकडे गुणले तरी उत्तर ८५ च्या आतच येतं. मोजायच्या आधी मात्र बहुतेक मालक 'आमचं ८५ आहे' असं छातीठोक सांगतात. खरं मोजमाप सुरू झालं की आकडा दणकन खाली येतो आणि सगळे तुझ्या सेन्सरवर शंका घेतात. ही पाळी येणार, हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेव. निदान सुरुवातीला त्यावर इन्सेंटिव्ह बांधू देऊ नकोस. आणि मशीन का थांबली याची चाळीस कारणं स्क्रीनवर देऊ नकोस. हातमोजे घातलेला ऑपरेटर सगळ्यात वरचं बटण दाबून मोकळा होतो. पाच-सहा पुरे, आणि तीही त्यालाच विचारून लिही. तुला तो 'मॅडम' म्हणून गप्प बसेल. चहाच्या वेळी बोलेल.

कधीकधी 'तुम्हाला हे नकोच' असंही सांगावं लागेल. प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला दोन तास जात असतील, तर तिथे सेन्सर काय सांगणार? स्टॉपवॉच घेऊन सेटिंगचा वेळ आधी कमी करा म्हणावं. एक काम हातचं जातं, पण असे मालक पुढे दुसऱ्याला तुझं नाव सांगतात.

पैशाचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. छोट्या कारखानदाराचे स्वतःचेच पैसे मोठ्या कंपनीकडे अडकलेले असतात. तू त्याच रांगेत शेवटी उभी राहशील. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सेन्सर विकत घेऊ नकोस. सरकारकडची 'उद्यम' नोंदणी आधी कर, कारण एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यातली बिल चुकतं करायची ४५ दिवसांची मुदत नोंदणी असेल तर सल्लागारालाही उपयोगी पडते. 'आधी फुकट पायलट (छोटा प्रयोग) करून दाखवा' याला नम्रपणे नाही म्हण. फुकटच्या पायलटकडे कोणी बघत नाही आणि तो कधी संपतही नाही. तू गेल्यावर निसटलेली वायर कोण जोडणार, त्या इलेक्ट्रिशियनचं नाव ऑर्डरवर लिहून घे.

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात सुट्टी गुरुवारची असते आणि पॅनेल त्याच दिवशी उघडायला मिळतात, तेव्हा तुझा गुरुवार गेला असं समज. पुढच्या महिन्यात माझं चाकणला एक काम आहे. यायचं असेल तर बुधवारी रात्रपाळीलाच ये, चालू लाइन बघायला मिळेल. सेफ्टी शूज स्वतःचे आण. गेटवर मिळतात ते कोणाच्याच मापाचे नसतात.

तुझा,
काका