नागपूरहून नागद्वारला रात्रीच्या मुक्कामाचा ट्रेक करायचा आहे, तयारी कशी करावी?

यात्रा आटोपल्यावर, गर्दी नसताना, तंबू घेऊन जायचं म्हणता ते होणार नाही. नागद्वार, म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीजवळचं नागदेवाचं ठाणं, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस ती वाट उघडते, वर्षातून एकदाच. तारखा नर्मदापुरमचं, म्हणजे आपल्या जुन्या होशंगाबादचं, जिल्हा प्रशासन दरवर्षी जाहीर करतं. बाकी दिवशी वनखातं आत सोडत नाही, आणि सोडूही नये. तेव्हा जायचं तर यात्रेतच जा.

पण मी लिहून राहिलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी. 'चपला घालून म्हाताऱ्या जातात म्हणे, मग आम्हा पाच जणांना काय अवघड?' हेच वाक्य, जवळपास ह्याच शब्दांत, माझा मावसभाऊ प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत मला ऐकवतो. मी अर्ध्या वाटेतून परत आलेला माणूस आहे. घरात माझं नाव 'अर्धा नागद्वार' पडलंय.

२०१८ ची गोष्ट. नागपंचमी त्या वर्षी १५ ऑगस्टला आली होती. दादा (मावसभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा), त्याचा एक मित्र, दादाचा चौदा वर्षांचा पोरगा आणि मी. शनिवारी रात्री गणेशपेठहून यात्रेची जादा बस पकडली. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली, पचमढी. दादाची ती बारावी यात्रा, माझी पहिली. बसमध्येच मी म्हटलं, "दादा, उद्या दुपारी चार वाजता आपण जिथे असू तिथून पुढे जायचं नाही. एकतर मंडळाच्या मांडवात थांबायचं, नाहीतर मागे फिरायचं." (मंडळं म्हणजे यात्रेकरूंना वाटेत खाऊ घालणारे, रात्री आसरा देणारे गट.) दादा हसला. "तू दुकान चालवायला निघाला का यात्रेला? देव काय शटर पाडून बसला हाय?"

माझं नागपूरच्या महाल भागात हार्डवेअरचं दुकान आहे, त्याचा टोमणा. असू दे.

पहाटे पचमढीत उतरलो. तिथून पुढे दिवस कसा गेला ते सांगतो, कारण नियोजन नेमकं इथेच फसतं. चहा. मग आंघोळ. मग दादाच्या ओळखीचं एक मंडळ, तिथे पोहे. मग जीपची रांग. त्या रविवारी अर्धा विदर्भ तिथे होता. मी घड्याळ दाखवलं की दादा म्हणायचा, "काहून घाई करून राहिला बे?" सकाळी आठला चालायला लागायचं ठरलं होतं, जीप सोडते त्या जलगलीहून पहिलं पाऊल पडलं तेव्हा सव्वा वाजला होता.

वाट तशी फार लांबची नाही, कुठून चढता त्यावर दहा-पंधरा किलोमीटर. लोक सात डोंगर ओलांडायचे म्हणतात. सातच का ते मी मोजलं नाही, पण ती सरळ वर चढत नाही एवढं खरं. उतरते, चढते, पुन्हा उतरते. म्हणजे परतीलाही चढ आहेच. खाली वालुकाश्म, त्यावर शेवाळ, त्यावर हजारो पायांनी कालवलेला चिखल. पचमढीचा पाऊस नागपूरच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्या दिवशी तो अडीचला सुरू झाला तो थांबलाच नाही.

पोराने जीन्स घातली होती. मी शनिवारीच म्हटलं होतं की ट्रॅकपँट घाल. दादा म्हणाला होता, "घालू दे ना, फोटो काढायचे हायेत त्याले."

पावणेचारच्या सुमारास, वाटेवरचं काजरी अजून पुढेच होतं, एका नाल्यापाशी आम्ही थांबलो. पाणी गढूळ होऊन वाढलेलं. पोरगा दगडावर बसला आणि बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढायला लागला. त्याला चेन उघडता येईना. बोटं चेनच्या कडीपर्यंत जायची, चिमूट धरायची, आणि कडी निसटायची. चार वेळा. मग त्याने बॅग तशीच मांडीवर ठेवली आणि नुसता बघत बसला. मी विचारलं, "थंडी वाजते का रे?" तर "नाय काका" असं काहीतरी म्हणाला, पण जीभ जड झाल्यासारखं, दारू प्यालेला माणूस बोलतो तसं. उभा केला तर पाऊल कुठे पडतंय त्याचं भान नाही.

आपण नागपूरचे लोक उन्हाला घाबरतो. ४६-४७ अंशांत कांदा खिशात ठेवून फिरतो. ऑगस्टमध्ये थंडीने माणूस जाऊ शकतो हे आपल्या डोक्यातच नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, पचमढीजवळचं धूपगड शिखर १३५० वर, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. नागद्वारची वाट धूपगडाच्या माथ्यावरून जात नाही, तरी फरक पडतोच. त्यात ओलं सुती कापड, वारा, आणि पोटात सकाळचे पोहे. पुस्तकी भाषेत हे साल, जांभूळ, झाडासारखे वाढणारे नेचे असलेलं उपोष्ण प्रदेशातलं डोंगरी जंगल. वाचायला छान वाटतं. भिजून त्यात तीन तास चाललं की कळतं.

मी म्हटलं, मागे जायचं. दादा म्हणाला, "बारा वर्षांत कोणाले काही झालं नाही." मी म्हटलं, तुझ्याच पोराला होऊन राहिलंय. त्याने पोराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि शेवटी, "तू घेऊन जा त्याले. मी नवस सोडून येतो." नवस त्या पोराचाच होता. यावर मी काय बोलणार.

जाताना माझी टॉर्च मागून घेतली. स्वतःची आणलीच नव्हती, मोबाईल आहे म्हणे.

अर्धा तास मागे आपल्याकडच्याच एका मंडळाचा मांडव होता. तिथे दोन बायांनी पोराची जीन्स कापूनच काढली, बटण कोणाच्याच बोटांनी निघत नव्हतं. माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा शर्ट आणि लुंगी होती, ती नेसवली, घोंगडी गुंडाळली, वरून ताडपत्री. मग गरम खिचडी, मी हाताने भरवली. चमचा त्याला धरता येत नव्हता. तासाभराने तो कुडकुडायला लागला, आणि मांडवातली एक आजी म्हणाली, "आता बरा हाय." तिला कोणी शिकवलं होतं देव जाणे, पण बरोबर होतं. अंग फार गारठलं की कुडकुडणंही थांबतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. वर जाणाऱ्या त्या म्हाताऱ्यांकडे नीट पाहा. त्या पहाटे निघतात, नऊवारी खोचून, हातात काठी, डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता, आणि प्रत्येक मांडवात बसतात. अंधार पडला की जिथे असतील तिथेच झोपतात. त्यांचं नियोजन तुमच्यापेक्षा पक्कं आहे. चपला तेवढ्या तुम्हाला दिसल्या.

तुम्ही रात्रीचा ट्रेक म्हणता तर एक गोष्ट ध्यानात घ्या, पंचांग उघडून बघा. नागपंचमी म्हणजे शुद्ध पंचमी. यात्रेचे दिवस अमावास्येच्या आगेमागे येणार, दरवर्षी. संध्याकाळी चंद्र असलाच तर कोर, तीही लवकर मावळते. (मध्य प्रदेशचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, पण नागपंचमी दोघांची एकच, त्यात गोंधळू नका.) तेव्हा चांदण्यात चालू वगैरे डोक्यातून काढा. सूर्यास्त पावणेसातला, पण ढग आणि दरीमुळे झाडीत सहालाच अंधारतं. प्रत्येकाची वेगळी टॉर्च, प्रत्येकाचे जादा सेल. मोबाईलची टॉर्च ही टॉर्च नाही. वाटेत रेंजचा भरवसा नाही, आणि पावसात भिजलेला मोबाईल काठीच्याही कामाचा नाही.

बाकी सामान तुम्हाला माहीत असेलच. माझ्याकडून फक्त कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, ताडपत्रीचा सहा बाय आठचा तुकडा, मीठ-साखर. जीन्स घातलेल्या मित्राला बसमध्ये चढू देऊ नका. नाला फुगला तर पार करू नका. तिथला नाला झटकन चढतो, पण पाऊस थांबला की उतरतोही तसाच, तास-दोन तास बसा. साप दिसला तर सगळे हात जोडतात, तुम्हीही जोडा, पण चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं काही करू नका. पाय हलू न देता डोलीत घालून पचमढीला आणा. यात्रेच्या दिवसांत साप चावतच नाही असं वाटेत ऐकाल. ऐकून घ्या.

सराव म्हणून नागपुरातच फुटाळा तलावाला चक्कर नको. सेमिनरी हिल्स नावापुरतीच हिल्स आहे. रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर दहा किलो घेऊन चार-पाच वेळा चढा-उतरा, तेही पावसात. ते जमलं नाही तर चौरागडला जा. ती वाट दिवसा खुली असते, तेराशेच्या आसपास पायऱ्या, वर त्रिशुळांचा ढीग, आणि संध्याकाळी तुम्ही पचमढीत गरम जेवता.

आणि परतीची वेळ घरूनच ठरवा, पाचही जणांनी, मोठ्याने. तिथे वाटेवर ठरवू म्हणाल तर जो सगळ्यात मोठा असतो तोच ठरवतो.

हे वाचून मी श्रद्धेच्या विरोधात आहे असं कोणाला वाटेल. नाही. लाखो लोक जातात आणि सुखरूप येतात, ते त्या मंडळांमुळे. त्या मांडवातली खिचडी नसती तर मी आज हे हसत लिहिलं नसतं. पुढच्या वर्षी मी एकटा गेलो, सकाळी सहाला निघालो, पद्मशेषाचं, म्हणजे नागद्वारच्या मुख्य देवाचं, दर्शन घेतलं, आलो. हे घरात कोणी मोजत नाही.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मांडवात आला. दर्शन मस्त झालं म्हणाला, रात्री एका मंडळात आरामात झोपलो म्हणाला. त्याचा मित्र मला दोन वर्षांनी एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या सांगून गेला की वाट चुकून ते दोघं रात्री एक ते पहाटे पाच एका कपारीत पाठीला पाठ लावून बसले होते, आणि टॉर्च विझू नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी एकदा लावून बघायचे. दादाला मी हे कधी बोललो नाही. पोरगा आता माझ्याहून उंच झाला, त्यालाही नाही सांगितलं.

टॉर्च मात्र अजून दादाकडेच आहे. तीन सेलची, पितळी, दुकानातली नव्हे, माझ्या बाबांची होती.