मथळ्यातली अद्दल

प्रिय भाऊ,

तुझी बातमी वाचली. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून बाजारात एका पोराला लोकांनी मारलं, आणि मथळा आला ‘चोरट्याला घडवली अद्दल’. बातमी चोख आहे, पण मथळ्याने मी अस्वस्थ झालो.

‘निर्दोष माणसाला शिक्षा झाली’ असं आपण सहज लिहितो. ‘निर्दोष माणसाला अद्दल घडली’ असं कुणी म्हणतं का? शिक्षा चुकीची असू शकते. अद्दल म्हटलं की भोगणाऱ्याचा दोष आधीच धरलेला असतो. उधळ्या माणूस कर्जात बुडाला की ‘जन्माची अद्दल घडली’ म्हणतात, तिथे शब्द चपखल बसतो. केलं त्याने, भोगलंही त्यानेच. पण ‘घडली’ची ‘घडवली’ झाली की कुणीतरी न्यायाधीश होऊन बसतो. तुझ्या मथळ्यात चोरी सिद्ध झाली आणि मारही रास्त ठरला. ‘चोप दिला’, ‘प्रसाद दिला’ यांचंही तेच.

राईनपाडा आठव. साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागून जगणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. मारणाऱ्यांना मात्र आपण अद्दलच घडवतोय असं वाटत असणार. २०२४ च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

विहिरीवरच्या पंपाची केबल चोरीला गेली की रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याची केळी तहानते, त्याचा संताप मला कळतो. तो संताप बातमीत जरूर लिही, त्याच्याच तोंडून. पण आपल्या कायद्यात आता पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. बाजारात त्या पोराच्या वाट्याला काय आलं, ते याच्या शेजारी ठेवून बघ.

पकडला तो संशयित, गुन्हा नोंदला की आरोपी, न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला तरच दोषी. हा क्रम घाईतही सोडू नकोस.

उद्या पाठपुरावा देशील तेव्हा ‘चोरीच्या संशयावरून तरुणाला जमावाची मारहाण’ असा मथळा कर. मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला का, ते ठाण्यात विचार. आणि तो पोरगा कुठल्या दवाखान्यात आहे, त्याचं म्हणणं काय, हे त्याला भेटून लिही.

तुझा,
काका